कुबलाईखानाचें जेडचें पात्र

बीजिंग शहरांत बैहाई नांवाचें जुनें राजोद्यान आहे. त्याच्या दक्षिणेस एक वर्तुळाकार तटबंदी असून तिच्यांतील लहानशा मंडपांत एक प्रचंड पात्र ठेविलेलें आहे. जेड नांवाच्या मौल्यवान दगडाच्या एकाच शिळेंतून तें घडविलें असून, चिनी लोक त्यास ‘जेडचा महासागर’ म्हणतात. त्याची हकीकत मनन करण्याजोगी आहे, म्हणून ती आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

हें पात्र मंगोल सम्राट कुबलाईखान याच्यासाठीं इ. स. १२६५ मध्यें तयार झालें. त्याची उंची सुमारें ७० सेंटिमीटर, घेर जवळजवळ ५ मीटर व वजन सुमारें साडेतीन टन आहे. दरबारच्या मेजवानीच्या वेळीं तें मद्यानें भरीत. मद्यपानाची प्रशंसा करण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु अशा मेजवान्यांतून मंगोल राजे सरदारांस आपलेसे करीत व परकीयांस आपलें वैभव दाखवीत, हें ध्यानांत घेतल्यावांचून या पात्राचें महत्त्व कळणार नाहीं.

पात्राच्या बाह्यांगावर उसळत्या लाटा कोरिल्या असून त्यांतून नाग, घोडा, डुकर, हरिण, मत्स्य इत्यादि प्राणी वर येतांना दिसतात. काळपट हिरव्या दगडांत जेथें पांढऱ्या छटा होत्या, तेथें त्यांस अनुसरूनच कारागिरांनीं आकृति काढिल्या. जेड हा फार चिवट दगड. तो छिन्नीनें कोरतां येत नाहीं. कठीण वाळू पाण्यांत कालवून, ती हत्यारानें घाशीत त्यास झिजवावें लागतें. हत्यार केवळ वाळू फिरवितें, कापण्याचें काम वाळूच करिते. यावरून किती हातांनीं किती धीर धरिला असेल, याची कल्पना करावी.

ओडोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन मिशनरी पुढें त्या राजधानींत तीन वर्षें राहिला. हा आपल्या ठाण्यास येऊन गेलेला पुरुष. तेथें १३२१ सालीं मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंच्या अस्थि त्यानेंच चीनला नेल्या. १३३० मध्यें सांगितलेल्या आपल्या वृत्तांतांत तो म्हणतो कीं, राजवाड्यांत मौल्यवान दगडाचें, सोन्याच्या पट्ट्या बसविलेलें मोठें पात्र असे. त्यांत नळांवाटे पेय येई, व शेजारच्या सुवर्णपेल्यांनीं वाटेल त्यानें तें प्यावें. त्यानें दिलेली उंची आपल्या पात्राहून पुष्कळ अधिक असल्यामुळें दोन्ही एकच, असें म्हणवत नाहीं. तथापि त्या दरबाराची रीत त्यावरून स्पष्ट होते.

१३६८ सालीं मंगोलांची सत्ता गेली. पात्र ज्या महालांत होतें, तो १५७९ मध्यें कोसळला. पुढें तें एका ताओपंथी मंदिरांत गेलें, व तेथील पुजारी त्यांत भाज्या खारवूं लागले! सम्राटाचें पानपात्र लोणच्याचा रांजण झालें. अखेरीस १७४५ सालीं सम्राट च्यन-लुंग यानें तें ओळखून द्रव्य देऊन परत घेतलें, आंतल्या बाजूस आपल्या कविता कोरविल्या, आणि १७४९ मध्यें त्याकरितां मंडप उभारिला.

विद्यार्थिमित्रहो, पुजाऱ्यांनीं पात्र फोडलें नाहीं, हें त्यांचे उपकार. परंतु रोज हाताळूनही तें काय आहे हें त्यांस कळलें नाहीं. च्यन-लुंगास कळलें, कारण त्यानें जुने ग्रंथ वाचिले होते. आपल्या गांवींही लेख कोरलेली एखादी शिळा धुण्याचा दगड होऊन पडली असेल. इतिहासाच्या तासास जें शिकतां, त्याचा उपयोग तेथें करा. आणि ती शिळा दिसल्यास शिक्षकांस अवश्य कळवा.