काचेची शेगडी चकचकीत करून देण्याचं काम : आधी डाग ओळखा, मग भाव सांगा



घरगुती सफाई-सेवेच्या मालिकेत आज काचेची गॅस शेगडी. व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं. पण प्रमाण किती, वेळ किती आणि मुळात हे काम घ्यायचं की नाही, हे तिथे नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. रोज पुसली जाणारी शेगडी साफ करायला तुम्हाला कोणीही बोलावणार नाही. बोलावणं येतं ते महिनोन्‌महिने हात न लागलेल्या शेगडीसाठी. भाड्याच्या फ्लॅटचा ११ महिन्यांचा करार संपतो, मुलं सामान घेऊन निघून जातात आणि ओट्यावर ती काळीकुट्ट, चिकट शेगडी तशीच राहते. घरमालकाला दोन दिवसांत नवीन भाडेकरूला जागा दाखवायची असते. दुसरं गिऱ्हाईक सणाचं. गणपतीच्या आधी स्वयंपाकघर लख्ख हवं असतं, आणि दिवाळीचा फराळ तळून झाला की शेगडीकडे बघवत नाही. आपल्या शहरातल्या जागेच्या एजंटांना आधी भेटा. एक एजंट वर्षभर कामं देऊ शकतो, सण वर्षातून ठरावीकच येतात.

आता मुद्द्याचं. काचेवर बसलेली घाण वेगळी आणि काचेचं झालेलं नुकसान वेगळं. घाण निघते, नुकसान निघत नाही. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही घाण काढलीत की खालचं जुनं नुकसान उघडं पडतं, आणि मग वाक्य ऐकायला मिळतं, "अहो, हे चरे आधी नव्हते!" तिथे मजुरीही जाते आणि नावही जातं. म्हणून भाव सांगण्याआधीची पाच मिनिटं नंतरच्या तासाभरापेक्षा महत्त्वाची.

या पाच मिनिटांत काय करायचं? मोबाइलचा टॉर्च काचेवर आडवा धरा, वरून नाही. आडव्या उजेडात चरा लगेच दिसतो. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे, तो घासून जात नाही. काच पॉलिश करण्याची सिरियम ऑक्साइडची पावडर मिळते, पण ती अगदी बारीक ओरखड्यांपुरती. त्यात वेळ इतका जातो की शेगडीच्या कामात परवडत नाही. बर्नरभोवती पांढुरका धुरकटपणा दिसला तर एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा आणि कोरडं होऊ द्या. उजळलं तर तो पाण्याचा क्षार, निघेल. तसंच राहिलं तर कोणीतरी तारेच्या घासणीने काच घासून घासून मारलेली आहे.

मग चारही कडा बोटाने तपासा, हलक्या हाताने. कडेचा टवका उडालेला असेल किंवा तडा दिसला तर काम घेऊ नका. ही काच टफन केलेली असते : ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. त्यामुळे तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. म्हणूनच ती मजबूत असते, आणि म्हणूनच कडेला मार बसलेला असेल तर एखाद्या दिवशी सगळी काच एकदम खडीसारखी फुटते. ती तुमच्या हाताखाली फुटावी असं काही कारण नाही. अशी काच कापता, घासता किंवा सांधता येत नाही. त्या कंपनीची त्याच मापाची काच बदलणं हाच उपाय. टेप लावून द्या म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

हे सगळं गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवायचं. "काकू, हे तेलाचे डाग आणि हे पांढरे ठिपके मी काढून देईन. हे दोन चरे मात्र काचेतच आहेत, ते तसेच राहतील. चालेल ना?" मग फोटो काढा आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहून सही घ्या : "पुढच्या उजव्या बर्नरजवळ दोन चरे, काम सुरू होण्याआधीपासूनचे. तेल व क्षाराचे डाग काढून दिले जातील." एवढंच पुरे. सही मागायला लाज वाटते असं बरेच जण सांगतात. माझं म्हणणं, सही मागणारा माणूस गिऱ्हाइकाला उलट जाणकार वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. रेग्युलेटर बंद, शेगडी पूर्ण गार. गरम काचेवर गार पाणी कधीच नाही. जाळ्या आणि बर्नर काढा, पण आधी फोटो घ्या, कारण लहान-मोठे बर्नर अदलाबदल होतात आणि मग ज्योत नीट बसत नाही. पहिला हात कोरडा : मऊ ब्रशने धूळ आणि कण झाडून घ्या. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. ओलं फडकं थेट फिरवलंत तर तुम्हीच चरे पाडाल. राख, विटेची भुकटी, तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी यातलं काहीही काचेवर नको.

बऱ्याच व्हिडिओंत खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओततात. फेस येतो, बघायला मजा येते. पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या वेळी. जळकं तेल आणि चिकटा अल्कलीला सैल होतो, पाण्याचा क्षार आम्लात विरघळतो. आपल्याकडचा सगळ्यात चिवट डाग म्हणजे उतू जाऊन करपलेलं दूध. त्यात चरबी, साखर आणि कॅल्शियम तिन्ही असतात, म्हणून त्याला आधी सोडा, धुऊन-पुसून घेतल्यावर मग व्हिनेगर.

प्रमाण लिहून घ्या. तीन चमचे खायचा सोडा, एक चमचा पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. हा लेप डागावर जाडसर लावा आणि वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं २० मिनिटं झाकून ठेवा. खरं काम हे फडकंच करतं. नवीन माणूस इथे घाई करून घासायला लागतो. २० मिनिटांनी जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड आडवं धरून खरवडा, बहुतेक थर पापुद्र्यासारखा उठतो. नाही उठला तर लेप पुन्हा लावा. ब्लेडची खरवडणी शेवटचा उपाय : मागच्या कोपऱ्यात आधी करून बघायचं, काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची, ब्लेड साधारण ३० अंशात, आणि एकाच दिशेने. काचेवर वरून छपाईची नक्षी असेल तर ब्लेड नकोच. पाणी ओतू नका. काच खालच्या चौकटीला चिकटवलेली असते, पाणी आत जाऊन नॉब आणि ऑटो इग्निशनपर्यंत पोहोचतं.

जाळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकायचे नाहीत, काळे पडतात. बऱ्याच बर्नरला वर पितळ आणि खाली ॲल्युमिनियम असतं, नीट बघून घ्या. पितळेला चिंच किंवा लिंबू, १०-१५ मिनिटं बास. रात्रभर ठेवलंत तर त्यातलं जस्त निघून पितळ लालसर पडतं. बर्नरची छिद्रं टाचणीने मोकळी करा, पण आतल्या जेटला हात लावू नका, ते मेकॅनिकचं काम. आणि संडास साफ करायचं ॲसिड शेगडीजवळ आणायचंच नाही. स्टील खड्डे पडून खराब होतं. घरात ब्लीच वापरलेलं असेल तर ते ॲसिडशी, अगदी व्हिनेगरशीही मिसळलं तरी क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवूनच काम करा.

इंडक्शनची शेगडी आली तर ती काच निराळी, ग्लास-सिरॅमिक. प्लग काढायचा, लेप तोच, ब्लेड तिथे जास्त चांगलं चालतं. साखर-गुळाचा पाक सांडून करपलेला असेल तर पाक निघाला तरी खाली बारीक खड्डे राहू शकतात, हे आधीच सांगा. तडा असेल तर तीही परत करा.

आता पैसे. "२९९ मध्ये शेगडी साफ" अशी जाहिरात करायचा मोह होतो. समजा कामाला दीड तास आणि जाण्या-येण्याला अर्धा तास. तुमचा तास १५० रुपयांना धरला तरी ३०० झाले. पेट्रोल ४०, सामान २५, आणि काही मोडलं-तुटलं तर भरून देण्यासाठी दर शेगडीमागे २० रुपये वेगळ्या डब्यात. एकूण ३८५. म्हणजे २९९ ला काम घेतलंत तर प्रत्येक शेगडीमागे ८६ रुपये तुम्ही खिशातून देताय, आणि नफा अजून धरलेलाच नाही! शिवाय चार महिन्यांची घाण आणि दोन वर्षांची घाण यांना एकच भाव कसा चालेल? तपासणी झाल्यावरच आकडा बोला, फोनवर फक्त "इतक्यापासून पुढे" सांगा. लेप दोनदा लावावा लागेल असं दिसलं की भाव वाढतो, आणि कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच असतं.

शेगडी सोपवताना बर्नर पूर्ण कोरडे करून बसवा. गॅस पेटवण्याआधी रेग्युलेटर उघडून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून गळती कधीही तपासू नका. गळती दिसली किंवा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ या हेल्पलाइनला फोन. नळीला भेगा असतील किंवा तिला पाच वर्षं होऊन गेली असतील तर बदलायला सांगा, बदलायची तुम्ही नाही. सगळं ठीक असेल तर गिऱ्हाइकाच्या हातून एकेक बर्नर पेटवून निळी ज्योत दाखवा, तोच टॉर्च पुन्हा आडवा धरून चिठ्ठीतले दोन चरे जिथे होते तिथेच आहेत तेही दाखवा, आणि मग पैसे घ्या.

पुढच्या भागात किचनची चिमणी. एक जुनी तेलकट जाळी मिळवून ठेवा, हाताने करूनच शिकायचं आहे.