पुस्तक द्यावे, पुस्तक घ्यावे



गेल्या शुक्रवारी वर्गात आम्ही विचारले, "बाबांच्या किंवा आईच्या ऑफिसातले काका कुवेत सोडून निघाले, तर त्यांना काय भेट द्याल?" मिठाई, पेन, भिंतीवरचे घड्याळ, अशी उत्तरे आली. पुस्तक कोणीच म्हटले नाही. म्हणून आजचा पाठ पुस्तकाच्या भेटीवर.

आधी एक खरी गोष्ट. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा वाचत बसे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखकही येत. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता, नात्यातलाही नव्हता. पण त्याचे वाचन त्यांनी पाहिले आणि आपुलकीने चौकशी केली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर!

ओळख तिथेच थांबली नाही. केळुसकरांनी शब्द टाकला आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी भीमरावांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या जुन्या भेटीची आठवण लिहून ठेवली आहे.

केळुसकरांनी आधी माणूस पाहिला, मग पुस्तक दिले. आपल्याला शिकायचे ते हेच.

पालकहो, आपली ऑफिसातली मैत्री कराराइतकीच टिकते, असे आपण म्हणतो. शेजारच्या टेबलावर केरळचे, इजिप्तचे, इथले कुवेती सहकारी असतात. कामापुरते बोलणे होते आणि एक दिवस कोणीतरी निघून जाते. महागडी भेट दिली, तर घेणाऱ्याला परतफेडीची चिंता पडते. पुस्तकाचे ओझे वाटत नाही. उलट, "वाचलेत का? कसे वाटले?" असे विचारायला निमित्त मिळते.

मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याला 'श्यामची आई'चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद देता येईल. त्यांनाही त्यांच्या भाषेतले आवडते पुस्तक विचारा. १९५८ साली कुवेतमध्ये सुरू झालेल्या 'अल-अरबी' मासिकाबद्दल विचारलेत, तर अरब सहकारी नक्की खुलतील.

मुलांनो, पुस्तकावर चार ओळी लिहायचे काम तुमचे. असे लिहा :

श्री. ............ यांस,
(पुस्तक का निवडले, ते एका वाक्यात)
सप्रेम भेट.
आपले नाव, दस्मान, तारीख

एक गंमत लक्षात ठेवा. अरबी पुस्तक उजवीकडून उघडते. आपल्याला जे शेवटचे पान वाटते, ते त्यांचे पहिले! मजकूर तिथेच लिहा.

शब्दार्थ
शब्द टाकणे – कोणासाठी तरी शिफारस करणे
परतफेड – घेतलेले परत करणे
निमित्त – कारण

स्वाध्याय
१. केळुसकरांनी तेच पुस्तक का निवडले असेल? तीन वाक्ये लिहा.
२. आई किंवा बाबांच्या एका सहकाऱ्याला काय आवडते, ते घरी विचारा. त्यांच्यासाठी पुस्तक सुचवा.
३. वरच्या नमुन्याप्रमाणे मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून पुढच्या शुक्रवारी आणा.

पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने घरी वाचून झालेले एक पुस्तकही आणावे. आपण वर्गातच अदलाबदल करू आणि सुरुवात आपल्यापासून करू!