पूररेषा आणि पंचवीस चिंचोके



परिसर अभ्यासात नकाशा येतो, गणितात मापन येतं. पण आपल्या गावाशेजारच्या जमिनीवर घर बांधायचं की नाही हे ठरवणारा नकाशा कोण काढतं आणि कशाच्या आधारावर काढतं, हे मात्र कुठल्या धड्यात सापडत नाही. आज त्या नकाशातल्या फक्त दोन रेघांबद्दल बोलूया. एक निळी, एक लाल.

आमची शाळा शिरोळ तालुक्यात आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, त्या पट्ट्यातली. आमच्या मुलांना पूर पुस्तकातून शिकवावा लागत नाही. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की आम्ही सगळे हात जोडतो, आणि पाणी त्याच्यापुढे चढायला लागलं की गुरं सोडायला पळतो. पावसाळ्यात तिसरीतलं पोरगंसुद्धा सांगतं की राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका.

मागच्या वर्षी एक पालक दाखला न्यायला आले होते. नदीकडेच्या बाजूला स्वस्तात एक प्लॉट मिळतोय म्हणाले. मी विचारलं, पूररेषेत नाही ना? ते हसले. "बाई, ती रेघ पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची हाय म्हणं. एकवीस साली येऊन गेलाय की. आता शेहेचाळीसपत्तर घोर न्हाई."

मला पटकन उत्तर देता आलं नाही, हे कबूल करते. चुकतंय हे कळत होतं, पण कुठे चुकतंय ते चार वाक्यांत सांगता येईना. मग घरी येऊन वाचलं, आणि आधी मुलांबरोबर करून बघितलं.

आधी रेघा समजून घेऊ. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढा पूर जिथपर्यंत पोचेल ती निळी रेषा. सरासरी 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढा मोठा पूर जिथपर्यंत पोचेल ती लाल रेषा. साहजिकच लाल रेषा नदीपासून जास्त लांब असते. यासाठी मागच्या अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदी लागतात, नदीचे ठिकठिकाणचे छेद मोजावे लागतात, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजावी लागते. मग ती रेघ विकास आराखड्यावर चढते आणि बांधकामाचे नियम तिला चिकटतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक भागासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यानुसार नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मैदान, उघडा भाजीबाजार असलं काही चालतं, नवीन घर नाही. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर पाहिजे.

आता चिंचोके. एका पिशवीत 25 चिंचोके घेतले, त्यातल्या एकाला खडूने पांढरं केलं. न बघता एक काढायचा, म्हणजे एक वर्ष झालं. पांढरा आला तर त्या वर्षी पूर. असं पंचवीस वेळा काढायचं.

पहिल्याच गटाने काढलेले चिंचोके बाजूला ठेवायला सुरुवात केली. मी मुद्दाम काही बोलले नाही. अर्थातच पंचवीस खेपांत पांढरा बरोबर एकदा आला. दुसऱ्या खेळातही एकदाच. मुलं खूश. मग विचारलं, "नवव्या वर्षी पांढरा आला आणि तुम्ही तो बाहेर ठेवला. आता पुढची सोळा वर्षं पूर येणारच नाही का?" वर्गात थोडा गोंधळ झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, नदी कुठं बाहेर ठेवतीय? जूनला परत सगळं नवीनच की."

तिथेच आमचा धडा झाला म्हणायला हरकत नाही. त्या पालकांची चूक नेमकी हीच होती. त्यांनी 2021 चा चिंचोका पिशवीबाहेर ठेवला होता.

मग काढलेला चिंचोका दर वेळी परत पिशवीत टाकून, हलवून, सहा गटांनी पंचवीस-पंचवीस वर्षं खेळली. दोन गटांना पूर आलाच नाही. दोघांना एकेकदा आला, एकाला दोनदा. आणि एका गटाला तब्बल तीनदा, त्यातले दोन नवव्या आणि अकराव्या वर्षी. "हे आमच्या एकोणीस-एकवीससारखं झालं," असं पोरंच म्हणाली. 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढे गेली होती, तर 2021 ला त्याहून वर. दोन वर्षांत दोन महापूर आले म्हणून शास्त्र खोटं ठरत नाही, आणि 2005 नंतर चौदा वर्षं तसा आला नव्हता म्हणून जमीन सुरक्षित ठरत नव्हती.

मोठ्यांसाठी थोडं गणित. एका वर्षी निळ्या रेषेपर्यंत पाणी न येण्याची शक्यता 25 पैकी 24, म्हणजे 0.96. दोन वर्षं सलग न येण्याची 0.96 × 0.96. असं पंचवीस वेळा गुणत गेलात की साधारण 0.36 उरतं. म्हणजे पंचवीस वर्षांत निदान एकदा तरी पूर येण्याची शक्यता 64 टक्के. घर आपण तीस वर्षांसाठी तरी बांधतो, तीस वर्षांना ती 71 टक्के होते. लाल रेषेचं बघा. शंभर वर्षांतून एकदा म्हटलं की आपल्याला नातवाच्या काळातली गोष्ट वाटते, पण तीस वर्षांत ती शक्यता 26 टक्के येते. चारातलं एक घर समजा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सातवीच्या मुलांनाही हे जमतं, करून घ्याच.

इथे एक खरी अडचण आहे, ती लपवू नये. पिशवीत नेमके किती चिंचोके आहेत हे आपल्याला कोणी मोजून दिलेलं नाही. ते मागच्या नोंदींवरून ओळखायचं असतं. पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदी हातात असतील तर शंभर वर्षांतल्या पुराचा अंदाज ओढूनताणूनच करावा लागतो. शिवाय पिशवी बदलतेही. वरच्या अंगाला पावसाचं मान बदललं, ओढे बुजवून प्लॉट पाडले, रस्त्यासाठी नदीच्या पात्रालगत भराव घातला, तर तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणजे कुणीतरी गुपचूप आणखी एक पांढरा चिंचोका टाकल्यासारखं. म्हणून रेघ जुनी होते आणि नव्या पुरानंतर ती परत तपासावी लागते.

इथे तुमच्या-माझ्या गावच्या नोंदी कामाला येतात. आम्ही मुलांना घेऊन गल्लीत फिरलो आणि भिंतीवरच्या पुराच्या खुणा शोधल्या. 2019 ची कुठे, 2021 ची कुठे. जमिनीपासून उंची टेपने मोजली. दोन घरांच्या खुणा एकाच पातळीत आहेत का हे बघायला गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. मुलांना त्याचीच सगळ्यात जास्त मजा आली. बऱ्याच घरांनी मात्र दिवाळीला रंग दिला आणि खूण गेली. मी आता घरोघरी सांगते, रंग द्या, पण तेवढी एक रेघ सोडा. एका आजींनी 2005 ची पायरी दाखवली, तीही वहीत घेतली. नदीकडच्या रानाला आपण मळी म्हणतो. गाळाची, नदीने आणून टाकलेली जमीन. आजोबांनी मळीत ऊस लावला, घर वर गावठाणात बांधलं, तो अभ्यासच होता की.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम 1966 नुसार विकास आराखड्याचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. तिथे आपण बहुतेक वेळा "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहून देतो. ज्याची जमीन निळ्या रेषेत गेली त्याचा भाव पडतो, त्याचं दुःख खरं आहे, मी ते हलकं मानत नाही. पण रेघ सरकवायची तर मोजमापाने सरकावी. गट नंबर, खुणेची उंची, तारखेचा फोटो, शेजारच्या दोन घरांच्या खुणा, एवढं जोडलेली हरकत ओरडून केलेल्या दहा हरकतींपेक्षा भारी. आणि मोजल्यावर रेघ आपल्या घराच्या आणखी वर सरकली, तर तेही मान्य करायची तयारी हवी.

ते पालक पुन्हा आले तेव्हा त्यांना वर्गातच बसवलं आणि मुलांनीच पिशवी हातात दिली. चौथ्या खेपेला पांढरा आला. त्यांनी तो सवयीने बाजूला ठेवला आणि सगळी पोरं एकदम ओरडली, "परत टाका!"

मग फळ्यावर एक हिशेब मांडला. समजा लाल रेषेची पातळी 546.20 मीटर आणि प्लॉटची जमीन 544.90 मीटर. जोतं पाहिजे 546.65 ला. म्हणजे जमिनीपासून 1.75 मीटर, जवळजवळ पावणेसहा फूट भराव आणि दगडकाम. ते बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. प्लॉट स्वस्त का आहे हे बहुतेक त्यांचं त्यांनाच कळलं. खरी पातळी विचारायला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन येतो म्हणाले. परवा बाजारात भेटले होते. जाऊन आलेत, कागद अजून हातात पडलेला नाही. पण इसारही दिलेला नाही.