भीरु रुग्ण आणि क्षारसूत्र : पूर्वकर्मातील सत्त्वविचार

भगंदरात क्षारसूत्र कोणास बांधावे, याचा विचार आपण बहुधा नाडीची लांबी, तिची दिशा आणि गुदवलींशी असलेला संबंध यांवरून करतो. सुश्रुताचार्यांनी मात्र चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात क्षारसूत्राचा निर्देश करताना कृश, दुर्बल आणि भीरु असे तीन रुग्ण, तसेच मर्माश्रित नाडी सांगितली आहे. यातील ‘भीरु’ हा शब्द पुष्कळदा वाचून पुढे जाण्यासारखा समजला जातो. वस्तुतः भयभीत रुग्ण हा या कर्माचा अपवाद नसून त्याचा अधिकारीच आहे. म्हणूनच त्याच्या भयाचा विचार पूर्वकर्मात होणे अगत्याचे ठरते.

गुद हे सद्यःप्राणहर मांसमर्म होय. शारीरदृष्ट्या पाहता दंतुर रेषेखालील त्वचेस वेदनावाहक नाड्यांचा पुरवठा विपुल असतो. रुग्ण घाबरला की गुदसंकोचनी पेशी आवळल्या जातात, आवळलेल्या भागात एषणी घालताना वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने भय दुणावते. हे चक्र तोडणे हे चिकित्सकाचे कौशल्य होय.

वारजे-माळवाडी भागात दवाखान्यात येणारा रुग्ण बहुधा नोकरदार किंवा व्यावसायिक असतो. महामार्गावरून दुचाकीने रोज ये-जा करणारा. तो सहसा उशिरा येतो, आणि उशीर वेदनेमुळे नव्हे तर लाजेमुळे झालेला असतो. घरात सांगितलेले नसते, औषधाच्या दुकानातून मलम नेऊन महिनोन्महिने काढलेले असतात. असा रुग्ण “कापणार का हो डॉक्टर?” असे विचारतो तेव्हा त्याच्या मनातला खरा प्रश्न बहुधा निराळा असतो : किती जण बघतील, मलावरचा ताबा जाईल का, कामावर कधी जाता येईल. या तिन्हींची उत्तरे न विचारता द्यावीत. परीक्षणाच्या वेळी आवश्यक तेवढाच भाग उघडा ठेवावा, स्त्रीरुग्णाजवळ स्त्री परिचारिका असावी, आणि दार लोटलेले नव्हे तर बंद असावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु अर्धे भय येथेच ओसरते.

“काहीच दुखणार नाही” हे आश्वासन कदापि देऊ नये. पहिल्या सूत्रानंतर एक-दोन दिवस जळजळ राहते, आठवड्याने सूत्र बदलताना काही मिनिटे तीव्र वेदना होते, हे आधीच सांगावे. साधारणपणे आठवड्यास एक सेंटिमीटर या गतीने नाडी छेदली जाते. पाच सेंटिमीटरच्या नाडीस पाच-सहा आठवडे लागतील असा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यास रुग्णास शेवट दिसू लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात क्षारसूत्राने व्रण भरण्यास शस्त्रकर्मापेक्षा अधिक काळ लागला, परंतु पुनरुद्भव सुमारे ४ टक्के, तर शस्त्रकर्मात ११ टक्के आढळला. यातील दोन्ही बाजू रुग्णासमोर ठेवाव्यात, केवळ आपल्या सोयीची नव्हे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सत्त्वाचे प्रवर, मध्य, अवर असे भेद केले आहेत. देहाने धिप्पाड असूनही अल्प वेदना न सोसणारे अवरसत्त्व रुग्ण असतात, हे त्यांचे निरीक्षण क्षारसूत्राच्या टेबलावर रोज पटते. अशा रुग्णास प्रतीक्षागृहात दीर्घकाळ बसवू नये, त्याचा क्रम पहिला असावा. कर्मापूर्वी दीर्घ उच्छ्वासाचा सराव करून घ्यावा. यंत्र प्रवेशताना किंचित कुंथण्यास सांगितल्यास संकोचनी शिथिल होते. घाम, पांढुरकेपणा, मळमळ दिसताच कर्म थांबवून रुग्णास उताणे झोपवावे व पाय उंच करावेत. भयाने येणारी ही मूर्च्छा ओळखता आली पाहिजे. व्रणवेदना विसरण्यास सुहृदांच्या गोष्टी उपयोगी पडतात, असे व्रणितोपासनीय अध्यायात सांगितले आहेच. सोबतचा नातेवाईक शांत असेल तर त्यास जवळ बसू द्यावे, रुग्णाहून अधिक घाबरलेला असेल तर बाहेर.

आहाराविषयी एक भेद ध्यानी ठेवावा. शस्त्रकर्मापूर्वी भोजन द्यावे, मद्यपीस मद्य द्यावे, असा सामान्य नियम संहितेत आहे, मात्र अर्श, भगंदर, अश्मरी इत्यादींत अभुक्त अवस्थेतच कर्म सांगितले आहे. मद्याचा प्रश्न आज उद्भवतच नाही. कटीतून किंवा संपूर्ण संज्ञाहरण द्यावयाचे असल्यास भूलतज्ज्ञाने सांगितलेला उपवास पाळावा. मधुमेही रुग्णाच्या औषधांचे वेळापत्रक आदल्या दिवशीच ठरवावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हे आवर्जून विचारावे.

औषधविक्रेत्या बंधूंकडे अशा वेळी “उद्या ऑपरेशन आहे, झोप येईल असे काही द्या” अशी मागणी येते. ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा ही द्रव्ये आयुर्वेदीय आहेत म्हणून ती निःशंकपणे देणे उचित नाही. भुलीच्या औषधांबरोबर गुंगी वाढण्याचा संभव असतो, आणि वनौषधी दोन आठवडे आधी थांबवण्यास भूलतज्ज्ञ सामान्यतः सांगतात. ग्राहकास प्रथम शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याकडे विचारणा करावयास लावावी. क्षारसूत्र मात्र सीलबंद, कोरडे आणि दिनांक असलेलेच ठेवावे. ओलावा लागलेल्या सूत्रावरील अपामार्गक्षार व हरिद्रेचे लेप सुटतात, मग ते मध्येच तुटते, आणि धीर धरून आलेल्या रुग्णास पुन्हा पहिल्यापासून टेबलावर झोपावे लागते.