तिसऱ्या बाकावरची जागा

चि. भाचीस,

समुद्राचे प्रदूषण हा विषय मुलांना गटागटाने चित्रफीत, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे आणि नकाशे करायला लावून शिकवता येतो. नीट शिकवला तर मुले तो जन्मभर विसरत नाहीत. चुकीचा शिकवला तरी विसरत नाहीत. मावशीने परवा फोनवर सांगितलेली हकिकत या दुसऱ्या प्रकारातली आहे. किनाऱ्यावरच्या एका शाळेत सातवीच्या गटाने स्पर्धेसाठी चित्रफीत केली. तीत जाळ्यात गुरफटलेले कासव दाखवले, तेही कुठल्या तरी परक्या समुद्रातले, इंटरनेटवरून उतरवलेले. त्याला लागून गावच्या जेट्टीवरच्या होड्या आल्या आणि खाली अक्षरे उमटली : समुद्राचे शत्रू. त्यातली एक होडी त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या बापाची होती. चार दिवस झाले, ते पोर शाळेत आलेले नाही. म्हणून या विषयाची मांडणी त्या रिकाम्या जागेपासून करावी लागते.

आधी प्रदूषण म्हणजे काय, ते. समुद्रात जाणारी घाण अनेक वाटांनी जाते : शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, शेतातून वाहून आलेली खते, जहाजांचे तेल आणि प्लास्टिक. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. तेव्हा सांडलेले तेल कांदळवनांत शिरले आणि कित्येक घरांत मासे आणणेच बंद झाले. तेल कोळ्यांनी सांडले नव्हते, नुकसान मात्र त्यांचे झाले. प्लास्टिकचेही तसेच आहे. 2010 या एका वर्षात किनारी देशांच्या जमिनीवरून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मांडला. ते कुजत नाही, त्याचे फक्त तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. हे तुकडे मासे आणि शिंपले खातात.

जाळ्यांचा दोष खोटा नाही. सुती जाळी कुजून जात, नायलॉनची कुजत नाहीत. पाण्यात राहिलेले जाळे मालक नसतानाही मासे, कासवे धरत राहते. पण जाळे महाग असते आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटाचे साधन असते. ते बहुधा खडकात अडकून, वादळात तुटून किंवा दुसऱ्या बोटीच्या पंख्यात सापडून जाते. खाडीच्या तोंडाशी लावलेल्या डोल जाळ्यात तर कित्येकदा माशांबरोबर पाट्या भरून प्लास्टिक येते आणि ते निवडण्यात कोळणींचा अर्धा दिवस जातो. डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की, अडकलेले कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी कोळ्याने आपले जाळे कापले, तर त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रण द्यावे लागते. म्हणजे कासव वाचवताना आपल्या किनाऱ्यावर कॅमेरा कोळ्याच्याच हातात असतो. ज्या चित्रफितीने त्याला शत्रू ठरवले, तिने ही गोष्ट त्याला विचारलीच नव्हती. ती स्पर्धेत पहिली आली की नाही याला काही अर्थ नाही. त्या वर्गाच्या बाईंनी ती वर्गात दाखवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पाहायला हवी होती. हे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण पोर अजून घरी आहे.

अशी चूक या घराण्यात पहिली नाही. मामाच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, बंदरातल्या शाळेत, त्याने पाचवीच्या मुलांना ‘समुद्र घाण कोण करतो’ असे चित्र काढायला सांगितले. तेल सांडणाऱ्या होडीचे चित्र त्याला सर्वांत आवडले आणि त्याने ते भिंतीवर लावले. खिडकीजवळच्या एका मुलीने आपल्या चित्रात वडिलांची होडी काढली होती, नाळेवर नावासकट. भिंतीवरचे चित्र पाहून ती जागेवर बसली आणि ते नाव रबराने खोडू लागली. कागद फाटेपर्यंत खोडत राहिली. मामाला ते दिसत होते. तो तास संपवून बाहेर पडला. पुढे तीस वर्षे शिकवले, तरी तो फाटलेला कागद डोळ्यांपुढून गेला नाही. त्या दिवशी दोन शब्द बोलायला हवे होते.

आता पद्धत. गट पाच-सहा मुलांचा असावा. त्याहून मोठा झाला की एकच मूल काम करते आणि बाकीची फोटोपुरती उभी राहतात. प्रत्येकाला ठरलेले काम हवे : एकाने चित्रण करायचे, एकाने आवाज टिपायचा, एकाने प्रश्न विचारायचे, एकाने नोंदवही ठेवायची, एकाने नकाशा काढायचा. दर आठवड्याला कामे बदलावीत. एका गटाला एक फोन पुरतो. किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून बोलणाऱ्याच्या जवळ जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून मुद्रण करावे. उतरवलेली परकी दृश्ये अजिबात घेऊ नयेत. गटात किनाऱ्यावरच्या घरातले मूल असेल, तर पहिले प्रश्न त्यानेच ठरवावेत. समुद्राबद्दल वर्गात सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक असते, बाईंपेक्षाही.

कामाचा क्रम ऋतूप्रमाणे लावला तर सोपे जाते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसे घरी असतात आणि जाळी विणण्या-सांधण्याचे काम चालू असते. मुलाखतींना याहून चांगला काळ नाही. पूर्वी जाळे कशाचे होते, एका खेपेला प्लास्टिक किती येते, तुटलेल्या जाळ्याचे काय करतात, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर देणाऱ्याला अडवू नये. या दिवसांत मुलांना पाण्याजवळ मात्र नेऊ नये. एरवी नेताना भरतीची वेळ आधी पाहावी : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. हे गणित मुलांना गावातल्या म्हाताऱ्या तांडेलाकडूनच शिकू द्यावे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किनारा टाळावा.

पाऊस सरला की मोजणी. जगभर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारे साफ करतात आणि उचललेली प्रत्येक वस्तू लिहून ठेवतात. या कामात झाडण्याइतकेच मोजणेही महत्त्वाचे असते. ओहोटीच्या वेळी भरतीच्या रेषेवर दोरीने दहा-दहा पावलांचा चौकोन आखावा, हातमोजे घालावेत आणि मिळेल ते वेगळे करावे : गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, थर्माकोल, चपला, बाटल्यांची झाकणे, दोरीचे तुकडे. काच आणि सुया मुलांनी उचलू नयेत. मग त्यातली एकच पुडी हातात घ्यावी. वाळू झटकली तरी तिच्यावरची रुपयाची किंमत वाचता येते. ती किनाऱ्यावर कुणी विकली नाही. वरच्या गावात कुणी तरी न्हाणीत फाडली, ती मोरीतून पऱ्ह्यात गेली, तिथून नदीत, नदीतून खाडीत. हा प्रवास नकाशावर काढायला घेतला की रेघ हळूहळू प्रत्येक मुलाच्या घराशी येते. तेव्हा वर्गात शत्रू कुणी उरत नाही.

शेवटी जुळवणी. पाच मिनिटांहून लांब चित्रफीत करू नये. ज्यांचे बोलणे घेतले त्यांना ती आधी दाखवावी, आणि नको म्हणतील तो भाग काढावा. शेवट भीतीने करू नये. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 मध्ये सफाई सुरू झाली. मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून समुद्राकडे निघालेली दिसली. मुलांना हे कळले पाहिजे की काम केल्याने फरक पडतो.

प्रकल्पाचा अखेरचा भाग म्हणजे दाखवणे. ते शाळेच्या सभागृहात नको, जेट्टीवर हवे, बाजार उठल्यावर, कोळणींना यायला जमेल अशा वेळी. त्याआधी एक काम राहते. बाईंनी एकटीने त्या मुलाच्या घरी जावे. सोबत मुख्याध्यापक नकोत, कागद नको. बापाशी बोलावे, चुकले म्हणावे. कोळ्याच्या घरी आलेल्या माणसाला चहाशिवाय कुणी उठू देत नाही. पोर दाराआडून ऐकत असेल, आणि त्याला तेवढे पुरेल. पंचविशीत झालेली चूक तीस वर्षे वागवायची गरज नसते, चार दिवसांत ती दुरुस्त होते. मामाला हे कुणी सांगितले नव्हते.

पडद्यासाठी आजोळच्या पेटीतली आजीची पांढरी चादर आहे. तिच्यावर एक पाच वर्षांची मुलगी कंदिलापुढे बोटे धरून कासव करायची आणि सगळ्यांना गप्प बसवायची. चादर धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. एसटीने येताना बरोबर आणता येईल. तिसऱ्या बाकावरची जागा भरली की एका ओळीचे पत्र पुरे.

मामाचे आशीर्वाद.