कल्पना चावला : फोटोला हार घालून झाल्यावर वर्गात काय सांगायचं?



१ फेब्रुवारीला कल्पना चावला यांचा स्मृतिदिन असतो आणि १७ मार्चला जयंती. परिपाठात आपण त्यांची माहिती सांगतो. जन्म हरियाणातल्या कर्नालचा, अंतराळात गेलेल्या भारतात जन्मलेल्या पहिल्या महिला, कोलंबिया यानाच्या अपघातात मृत्यू. दोन-तीन मिनिटांत माहिती संपते, मुलं टाळ्या वाजवतात आणि पहिला तास सुरू होतो.

या माहितीत चूक काहीच नाही. पण मुलांच्या लक्षात एकच गोष्ट राहते, ती म्हणजे त्या वारल्या. त्या अंतराळात नेमकं काय काम करत होत्या, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. आनंदीबाई जोशींची गोष्टही आपण अशीच सांगतो. साता समुद्रापार गेल्या, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी गेल्या.

आता नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वाडीवरच्या, तांड्यावरच्या मुलीच्या बाजूने विचार करा. गावातली शाळा सातवीला संपते. पुढे मानव विकासची निळी बस आली तर हायस्कूल, नाही आली तर घरी. कुठे आई-वडील ऊसतोडीला जातात आणि लहान भावंडांना सांभाळायला हिलाच ठेवतात. कुठे दहावीच्या आधीच स्थळं यायला लागतात. अशा घरात "लांब गेली आणि गेलीच" एवढीच गोष्ट पोहोचली, तर त्यातून लोक काय घेतील? "म्हणून म्हणतो, पोरीला लांब पाठवू नका." आपण प्रेरणा द्यायला जातो आणि हातात भीती देऊन येतो. म्हणून कल्पना चावलांचं मरण सांगण्याआधी त्यांचं काम सांगितलं पाहिजे. ते प्राथमिकच्या वर्गातही कसं सांगता येईल, ते खाली मांडतो आहे.

मोंटूची कल्पना झाली

घरात सगळ्यात धाकटी. सगळे मोंटू म्हणायचे, नाव असं ठेवलंच नव्हतं. शाळेत घालताना मुख्याध्यापकांनी नाव विचारलं. दोन-तीन नावं घरच्यांच्या मनात होती, त्यातलं "कल्पना" हे नाव त्या छोट्या मुलीने स्वतःच निवडलं, असं घरचे सांगतात.

आपल्याकडे दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेली माणसं गावोगाव सापडतात. कल्पना यांचंही तसंच आहे. जन्म १७ मार्च १९६२ चा, पण मॅट्रिकच्या परीक्षेला वयात बसावं म्हणून कागदोपत्री तारीख १ जुलै १९६१ अशी लागली. मुलांना हे जरूर सांगा. "आपल्यासारखंच की!" असं त्यांना वाटलं की पुढचं ती कान देऊन ऐकतात.

फाळणीत सगळं मागे टाकून आलेलं हे कुटुंब. वडिलांनी लहानसहान धंदे करत टायरच्या व्यवसायात जम बसवला. कर्नालला फ्लाइंग क्लब होता. घरावरून विमानं जायची आणि ही मुलगी ती बघत राहायची. आकाशातलं विमान सगळीच मुलं बघतात. "हे वर राहतं कसं?" हा प्रश्न मात्र तिने सोडला नाही.

शाखा निवडताना

चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेताना त्यांनी वैमानिकी अभियांत्रिकी ही शाखा मागितली. मुलीला ही शाखा कशाला, दुसरी घे, असा सल्ला तिथल्या शिक्षकांनी दिला. त्या हटल्या नाहीत. १९८२ मध्ये पदवी, १९८४ मध्ये टेक्सासमधून मास्टर्स आणि १९८८ मध्ये कोलोराडो विद्यापीठाची पीएच.डी. त्याच वर्षी त्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रात कामाला लागल्या. काही विमानं धावपट्टीवर न धावता सरळ वर उठतात. जमिनीच्या जवळ असताना अशा विमानाभोवती हवा कशी वाहते, याचं गणित त्या संगणकावर मांडत होत्या. म्हणजे लहानपणीचाच प्रश्न, फक्त आता हातात गणित होतं. डिसेंबर १९९४ मध्ये नासाने अंतराळवीर म्हणून त्यांची निवड केली.

पालकांनी इथे थोडं थांबावं. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स म्हटलं की नीट, नाहीतर जेईई. लातूर पॅटर्नने साध्या घरातल्या कितीतरी पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. त्या मेहनतीला तोड नाही. पण मार्क किती पडतील याच्या आधी मुलीला कशाचं कुतूहल आहे, हे घरात कोणी विचारतं का? कल्पना यांच्याकडे प्रश्न आधी होता, शाखा नंतर आली.

पहिली भरारी आणि एक बिघाड

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी कल्पना पहिल्यांदा अंतराळात गेल्या. १६ दिवसांत पृथ्वीभोवती २५२ फेऱ्या झाल्या. यानाचा यांत्रिक हात चालवणं हे त्यांचं एक काम होतं. सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन नावाचा उपग्रह त्यांनी या हाताने बाहेर सोडला. उपग्रह नीट चालू झाला नाही. परत पकडायला गेल्यावर तो गिरक्या घ्यायला लागला. शेवटी दोन सहकारी यानाबाहेर पडले आणि त्यांनी तो हातांनी धरून आणला.

त्या वेळी बोटं कल्पना यांच्याकडेच वळली. पण नासाने काही महिने चौकशी केली. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी आणि कामाच्या ठरवून दिलेल्या पद्धतीतल्या उणिवा यामुळे हे घडलं, असं निघालं. कल्पना यांच्यावर ठपका राहिला नाही आणि त्यांना दुसऱ्या मोहिमेवर घेतलं गेलं.

शिक्षकांसाठी मला हा भाग फार मोलाचा वाटतो. वर्गात काही बिघडलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" विज्ञान विचारतं, "कसं झालं?" पहिल्या प्रश्नाने मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात. दुसऱ्या प्रश्नाने ती विचार करायला लागतात.

शेवटच्या सोळा दिवसांतलं काम

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान पुन्हा निघालं. सात अंतराळवीर होते. त्यांनी दोन पाळ्या केल्या होत्या, एक पाळी झोपली की दुसरी कामावर. सोळा दिवसांत सुमारे ८० प्रयोग झाले. ज्योत कशी जळते, काजळी कशी धरते, पाण्याच्या बारीक फवाऱ्याने आग कशी विझते, माणसाच्या शरीरात काय बदल होतात, हे सगळं त्यात होतं.

मुलांना सगळ्यात आवडतो तो वेगळाच भाग. या यानात सहा देशांतल्या शाळकरी मुलांनी सुचवलेले प्रयोगही होते. ऑस्ट्रेलियातून कोळी, चीनमधून रेशीमकिडे, जपानमधून छोटे मासे, अमेरिकेतल्या एका शाळेच्या मुंग्या! वजन जाणवत नसेल तर कोळी जाळं विणेल का? मुंगी बोगदा कसा खणेल? हे प्रश्न आपल्या चौथी-पाचवीच्या पोरांनाही पडू शकतात. "तुम्ही काय पाठवलं असतं?" असं विचारून बघा. फळा अपुरा पडेल.

वर्गात करून बघा

प्रयोग १. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला खालच्या बाजूला एक भोक पाडा. बोटाने बंद करून पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता मैदानात, उंचावरून बाटली सरळ खाली सोडा. पडत असताना धार थांबते! कारण बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडतात, पाण्याचा दाब बाटलीवर पडत नाही.

अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. पुष्कळ जणांना वाटतं की तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. पण कोलंबिया जमिनीपासून साधारण २८० किलोमीटरवर होतं, म्हणजे नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला जाण्याएवढंच अंतर, फक्त वरच्या दिशेने. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नऊ-दशांश तरी असतंच. यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात असतं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतं. पृथ्वी गोल असल्यामुळे ते पडत पडत तिच्याभोवती फिरत राहतं. यान पडतंय, आतली माणसंही पडताहेत, बाटलीतल्या पाण्यासारखी.

प्रयोग २. हा शिक्षकांनीच करून दाखवावा. पणती लावा आणि मुलांना ज्योतीचं चित्र काढायला सांगा. सगळे वर टोक असलेली ज्योत काढतात. का? गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून थंड हवा येते, म्हणून ज्योत वर ओढली जाते. आता विचारा, जिथे वजनच जाणवत नाही तिथे ज्योत कशी दिसेल? उत्तर आहे, गोल, चेंडूसारखी. तिथे गरम हवा वर जात नाही. कोलंबियावर अशाच छोट्या अग्निगोलांचा अभ्यास झाला. ज्वलन नीट समजलं तर इंजिनं कमी इंधनात चालतात आणि धूर कमी होतो.

आपल्या ढगांवर नजर ठेवणारी "कल्पना"

१२ सप्टेंबर २००२ रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून मेटसॅट हा हवामान उपग्रह सोडला. अपघातानंतर चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारी २००३ रोजी, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याचं नाव "कल्पना-१" केलं.

हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. तिथे पृथ्वीभोवतीची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढ्याच वेळात होते, म्हणून तो भारतावर एकाच जागी थांबल्यासारखा राहतो. दिवसा साध्या प्रकाशात आणि रात्री उष्णतेच्या किरणांवरून तो ढगांची चित्रं घ्यायचा, हवेतली वाफही टिपायचा. त्याचं आयुष्य सात वर्षांचं धरलं होतं, पण त्यानंतरही तो कितीतरी वर्षं काम करत राहिला.

मराठवाड्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. मृगाचा एखादा पाऊस झाला, पेरणी केली आणि पुढे महिनाभर उघाड पडली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचं कर्ज दुप्पट. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आजच्या मुलांच्या आई-वडिलांनी स्वतः बघितलंय. आपलं सगळं घर ढगांवर चालतं. त्या ढगांकडे वरून बघणाऱ्या उपग्रहाला एका बाईचं नाव होतं, हे आपल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. मोठ्या वर्गात मुलांना हवामान खात्याचं उपग्रह चित्र मोबाईलवर दाखवा आणि आपला जिल्हा शोधायला लावा.

अपघात कसा सांगावा?

तो लपवू नये. पण "नशीब" म्हणून सोडूनही देऊ नये. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी मोठ्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना त्या जागेतून तापलेली हवा आत शिरली आणि उतरायला सुमारे १६ मिनिटं उरली असताना यान तुटलं. पंखाचे फोटो मिळवावेत, अशी मागणी काही अभियंत्यांनी त्या सोळा दिवसांत केली होती. ती पुढे गेली नाही. चौकशी मंडळाच्या अहवालात फोमच्या तुकड्याइतकाच दोष या न ऐकण्याच्या सवयीला दिला आहे. शंका विचारणाऱ्याला गप्प बसवलं की काय होऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि काम वाया गेलं नाही, हेही सांगा. बरीच माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठवलेली होती. अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून एका प्रयोगाची माहिती काढली गेली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रयोगासाठी नेलेले सुतासारखे बारीक कृमी तर डब्यात चक्क जिवंत सापडले.

शेवटी मुलांना हेही सांगावं की लांब गेलेल्या परत येतात. सुनीता विल्यम्स आठवडाभरासाठी म्हणून गेल्या, नऊ महिने वर राहिल्या आणि मार्च २०२५ मध्ये सुखरूप उतरल्या.

या वेळी परिपाठात जन्म-मृत्यूच्या तारखा सांगून झाल्या की एक पाण्याची बाटली बाहेर काढा. आणि प्रयोगासाठी बाटली सोडायला वर्गातल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलीला बोलवा. तिने काही विचारलं, तर तास दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालेल.