कळप कोणाचा?



मंडळीची सेवा कशासाठी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा वार्षिक अहवालातून देतो. किती बाप्तिस्मे झाले, वर्गणी किती जमली, मंदिराचे छत बदलले की नाही! ही माहिती निरुपयोगी नाही. परंतु ती सेवेचा हेतू सांगत नाही. १ पेत्र ५:२-४ या वचनांत प्रेषिताने वडिलांना जी आठवण दिली आहे तिचे सार असे : कळप देवाचा आहे, तुमचा नव्हे, म्हणून तो लोभाने किंवा धनीपणाने नव्हे, तर स्वतः कित्ता होऊन पाळा. या सत्याचा अभ्यास आपण एका पाळकाच्या जीवनाच्या आधारे करू या.

व्यंकोजीराजांनी स्थापन केलेल्या तंजावूरच्या मराठी राज्यात अठराव्या शतकात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी सेवा केली. १७२६ मध्ये जर्मन भूमीत त्यांचा जन्म झाला. १७५० मध्ये ते तरंगंबाडीस आले, पुढे तिरुचिरापल्लीस व शेवटी तंजावुरास राहिले. ते आजन्म अविवाहित व साधे राहिले. तमिळ तर त्यांच्या सेवेची भाषाच झाली. शिवाय दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. ज्याला मेंढरांची भाषा येत नाही, त्याचा आवाज मेंढरे कशी ओळखणार?

१. पाळक भाकरीचीही काळजी वाहतो. १७८१ च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीने तंजावूरचा मुलूख उद्ध्वस्त झाला. किल्ल्यात धान्य उरले नाही. शेतकऱ्यांजवळ थोडेफार होते, पण पूर्वी मोबदला न मिळाल्याने राजाच्या किंवा कंपनीच्या वचनावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. तेव्हा पैसे मी स्वतःच्या हाताने देईन, असा शब्द श्वार्ट्झ यांनी दिला. आणि त्या शब्दावर बैल आले, सुमारे ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. हा विश्वास एका दिवसात मिळत नाही. अनेक वर्षे दिलेला शब्द पाळल्याचे ते पीक होते.

२. पाळक सत्तेचा लोभ धरीत नाही. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाराजांनी दत्तक पुत्र सरफोजी यांचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झ यांना केली. राज्याचा कारभार आपल्या हाती घेण्याचे त्यांनी नाकारले व राजबंधू अमरसिंग यांच्याकडे तो सोपविण्याचा सल्ला दिला. परंतु पुढे त्या बालकाचे हाल होऊ लागले, तेव्हा ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या खटपटीने १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले व त्यांचे शिक्षण सुरू राहिले. सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. तरी १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ निवर्तले तेव्हा राजपुत्राने पित्यासाठी ढाळावेत तसे अश्रू ढाळले. पुढे त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करविलेले संगमरवरी स्मारक तंजावूरच्या मंदिरात आहे. प्रीती मोबदला मागत नाही, बाप्तिस्म्याचाही नाही.

३. पाळक दुसऱ्यांना उभे करतो. तंजावूरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेने बाप्तिस्मा मागितला. परंतु ती एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर विवाहाविना राहत होती, म्हणून श्वार्ट्झ यांनी तो दिला नाही. संख्या वाढविणे हाच हेतू असता तर त्यांनी तिला थांबविले नसते. त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर १७७८ मध्ये पाळैयंकोट्टै येथे त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. तिचे नाव क्लोरिंडा झाले. १७८० मध्ये तेथील मंडळीत सुमारे ४० जण होते. तिच्याच पुढाकाराने उभारलेल्या मंदिराचे १७८५ मध्ये समर्पण झाले. १७९० मध्ये सत्यनाथन या तमिळ उपदेशकाला तंजावुरात दीक्षा मिळाली व तो त्या मंडळीचा पाळक झाला. इफिस ४:११-१२ चा अर्थ हाच नव्हे काय? पाळकाने सर्व कामे स्वतः करावयाची नसून पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करावयाचे असते.

४. झाकलेली जखम बरी होत नाही. येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. तंजावूरच्या मंडळीत जातीप्रमाणे वेगळे बसण्याची चाल होती. उपदेशाने ती हळूहळू नाहीशी होईल, या आशेने श्वार्ट्झ यांनी ती चालू दिली. ती नाहीशी झाली नाही. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा अनेक जण मंडळीपासून दुरावले. तोवर श्वार्ट्झ यांच्या मृत्यूला ३५ वर्षे होऊन गेली होती. यहेज्केल ३४ मध्ये मेंढपाळांवर ठेवलेला दोष कठोरपणाचा आहे, तसाच घायाळांना न बांधल्याचाही आहे. आणि त्याच अध्यायात पुढे धष्टपुष्ट मेंढरे दुर्बलांना ढुशा मारतात, त्याचाही न्याय होतो. ज्या कळपात काहींना मागे बसावे लागते, तेथे पाळकाची सौम्यता नेमकी कोणाच्या वाट्याला येते? पुढे बसलेल्यांच्याच. संयम हा सद्गुण खरा. पण दुर्बलाच्या दुःखाची किंमत देऊन केलेला संयम पाळकपण नव्हे.

तर मग सेवेचा हेतू काय? प्रत्येक मेंढरू मुख्य मेंढपाळाच्या ओळखीत वाढावे, आणि आपण नसतानाही ते उभे राहावे. मोठ्या सेवकाचेही कार्य अपुरे राहते, हे पाहून आपण निराश होऊ नये. कळप आपला नाही, म्हणूनच त्याचे भवितव्यही आपल्या एकट्याच्या हाती नाही. मात्र जो भाग आपल्या स्वाधीन केला आहे त्याचा हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाची विचारपूस गेल्या वर्षभरात झालेली नाही?

२. आपला शब्द बाहेरच्या लोकांना विश्वासार्ह वाटतो काय?

३. वाद नको म्हणून आपण कोणती जखम झाकून ठेवली आहे, आणि तिची वेदना कोण सोसत आहे?

या आठवड्यात कुटुंबात व मंडळीत या प्रश्नांवर प्रार्थनापूर्वक विचार करावा.